थिसिसमधल्या नडणाऱ्या सात केसेस: काढू की ठेवू?

काचनळी | सोमवार, रात्री १२:४०

मी मेडिसिनची जेआर-टू, म्हणजे दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर. कॉलेज सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यातलं एक. नाव सांगणार नाही, आणि कुणी ओळखलंच तर कृपा करून लिहू नका. इथं डॉक्टर, लॅबवाले, शेतकरी सगळेच असतात म्हणून इथं विचारतेय. कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं तर सकाळच्या राउंडच्या आत एचओडींच्या कानावर जाईल.

विषय सर्पदंशाचा. सोयाबीनची भांगलण सुरू झाली की आमच्या कॅज्युअल्टीत रांग लागते. शिराळा, वाळवा, पलूस, कधी पार पाटणकडून. घोणस जास्त, मग नाग, मण्यार. आणि बऱ्याच जणांना काय चावलं ते कळलेलंच नसतं. अंधारात काहीतरी सळसळलं एवढंच. मला थिसिसमध्ये बघायचं होतं की काचेच्या नळीची २० मिनिटांची चाचणी आणि लॅबमधला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, वाढला की गोठणं बिघडलं) यांचं कितपत जमतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २ मिली ताजं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं तिला हात लावायचा नाही, मग एकदाच तिरपी करायची. गुठळी जागेवर राहिली तर ठीक. पाण्यासारखं ओघळलं तर विषानं रक्ताची गोठायची ताकद संपवली असं धरायचं आणि एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरची लस, सुरू करायची. वीज लागत नाही, मशीन लागत नाही, म्हणून पीएचसीत रात्री दोन वाजताही होते. आयएनआर जास्त नेमका, पण त्याला लॅब पाहिजे, टेक्निशियन पाहिजे.

माझे ६२ पेशंट झाले. आयएनआर १.४ किंवा वर असलेले ३०. त्यातल्या २५ जणांची नळी पातळ राहिली, ५ जणांची गोठली. आयएनआर नॉर्मल असलेले ३२. त्यातल्या २५ जणांची नळी गोठली आणि ७ जणांची पातळ राहिली. हे सातजण माझ्या मुळावर आलेत.

गाईड म्हणाले, "सात काढून टाक. मास्टर चार्टमध्ये इनकम्प्लीट डेटा लिही. सबमिशन तोंडावर आलंय." सर वाईट नाहीत, माझ्यासाठी त्यांनी एथिक्स कमिटीत भांडण केलंय. पण डेटा इनकम्प्लीट नाहीये. सगळे रकाने भरलेत, मीच भरलेत.

त्यातली एक केस डोक्यातून जात नाही. ऑगस्टचा दुसरा आठवडा, चाळिशीतली बाई, हळदीच्या रानात चावलं. पायावर सूज नाही, खुणा पुसट. बाई शांत, घरचेच घाबरलेले, पायाला करकचून दोरी बांधून आणलेलं. नळी ठेवली, २० मिनिटांनी तिरपी केली तर रक्त सरळ खाली आलं. एएसव्हीच्या १० बाटल्या लावल्या. अर्ध्या तासाच्या आत थंडी, अंगभर पित्ताच्या गांधी, बीपी खाली. दोनदा ॲड्रिनलिन दिलं. मी रात्रभर तिच्या खाटेजवळ स्टुलावर बसले होते. सकाळी आयएनआर आला: १.१.

म्हणजे तिला ती लस नकोच होती बहुतेक. आणि आता तिला चार्टमधूनही काढायचं. काय करू?

निवृत्त_लॅबवाला | मंगळवार, सकाळी ६:१५

पोरी, मास्टर चार्ट मिटव आणि आधी वॉर्डातल्या बेसिनकडं जा. नळ्या कुठून येतात ते बघ.

मी ३४ वर्षं पॅथॉलॉजीत काढली, त्यातली बरीचशी मिरजेत. ही चाचणी सोपी दिसते म्हणून सगळे तिला गरीब समजतात. गंमत अशी की तीत रक्ताइतकीच काचेचीही परीक्षा असते. रक्त काचेला लागतं तेव्हा बारावा फॅक्टर जागा होतो आणि तिथून गोठण्याची साखळी सुरू होते. ती काच साबणाच्या पाण्यानं धुतलेली असेल, आत पावडरीचा डोळ्याला न दिसणारा पापुद्रा राहिला असेल, तर ती साखळी ओढलीच जात नाही. रक्त चांगलं, माणूस ठणठणीत आणि नळी म्हणते पातळ.

बाराव्या फॅक्टरला हॅगमन फॅक्टर का म्हणतात माहीत आहे? अमेरिकेत जॉन हॅगमन नावाचा रेल्वेतला ब्रेकवाला होता. ऑपरेशनच्या आधी तपासणीत कळलं की त्याचं रक्त काचनळीत गोठतच नाही. पण त्याला आयुष्यात कधी रक्तस्रावाचा त्रास नव्हता! रॅट्नॉफ आणि कोलोपी यांनी १९५५ मध्ये त्याच्याबद्दल लिहिलं. आणि हा बाबा १९६८ मध्ये गेला कशानं, तर फुफ्फुसात गुठळी अडकून. आमचे सर ही गोष्ट दर बॅचला सांगायचे आणि दर वेळी "बघा आता" म्हणून थांबायचे. नळीतलं रक्त वेगळं आणि अंगातलं वेगळं हे माझ्या डोक्यात त्या ब्रेकवाल्यामुळं बसलं.

आमच्या काळात काचसामान क्रोमिक ॲसिडमध्ये भिजायचं, मग नळाखाली, मग डिस्टिल्ड वॉटर, मग ओव्हन. तरीही या चाचणीला आम्ही नवी कोरीच नळी काढायचो. आता लॅबमध्ये सगळं प्लॅस्टिक आलं, काचनळी मागितली तर स्टोअरवाला भूत बघितल्यासारखा बघतो. प्लॅस्टिकच्या नळीत चाचणी केली असेल तरी ती बाद. लाल टोपणाच्या प्लेन बल्बमध्ये केली असेल तर अजून वाईट, त्यात बऱ्याचदा गोठवणारी पावडर मारलेली असते.

आणखी दोन गोष्टी तपास. एक, नळीचं रक्त आणि आयएनआरचं रक्त एकाच टोचणीतलं आहे का? एक लशीआधी आणि दुसरं लशीनंतर घेतलं असेल तर तू आंबा आणि कोय तोलतेयस. दोन, आयएनआरचा निळ्या टोपणाचा बल्ब रेघेपर्यंत भरला होता का? त्यात रक्त गोठू न देणारं सायट्रेट १ भाग आणि रक्त ९ भाग असं गणित बांधलेलं असतं. रक्त कमी पडलं की सायट्रेट वरचढ होतं आणि आयएनआर उगाच वाढलेला येतो. लॅबच्या रजिस्टरला शेरा असेल. टेक्निशियन लोक शेरे मारतात, डॉक्टर लोक वाचत नाहीत.

आकडेमोड | मंगळवार, सकाळी ११:०५

पीएसएममध्ये, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्रात, बायोस्टॅट शिकवतो. वरच्या काकांचं काचेबद्दलचं मला तपासता येणार नाही, पण आकडे तेच बोलतायत.

आत्ता तुमची स्पेसिफिसिटी (बिघाड नसलेल्यांना नळीनं बरोबर ओळखण्याचं प्रमाण) ३२ पैकी २५, म्हणजे ७८ टक्के. सात उडवले की २५ पैकी २५. शंभर टक्के! ज्या परीक्षकानं आयुष्यात एकदा जरी कॅज्युअल्टीत ड्यूटी केली असेल तो विचारेल, बाई, हे जमवलं कसं.

दुसरं. या चाचणीबद्दलची नेहमीची तक्रार उलटी आहे. आयएनआर थोडासाच वाढलेला असतो तेव्हा नळी तो पकडत नाही, गोठून मोकळी होते. तुमच्याकडे नळी नसलेला बिघाड दाखवतेय. तेव्हा संशय रक्तावर घेण्याआधी हत्यारावर घ्यायचा.

सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे थिसिसच्या सुरुवातीच्या आराखड्यात, एक्सक्लूजनच्या (केस वगळायच्या) निकषांत काय लिहिलंय ते काढून बघा. तिथं नसलेला निकष निकाल बघितल्यावर लावता येत नाही. कारण सापडलं तर गणित दोनदा करा, एकदा ६२ घेऊन आणि एकदा कारण लागू पडणाऱ्या सगळ्या केसेस वगळून, आणि दोन्ही टेबलं छापा. "सगळ्या" हा शब्द नीट वाचा. धुतलेल्या नळीत जी केस तुमच्या मनासारखी आली तीसुद्धा जाईल.

आणि आता रागवू नका. त्या दुसऱ्या पाच जणांबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. आयएनआर वाढलेला आणि नळी गोठलेली. सातजणांना नको असलेली लस मिळाली असेल, पण या पाचजणांना हवी असलेली मिळाली का? सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचे असं २०२४ च्या राष्ट्रीय आराखड्यात म्हटलंय. पीएचसीतला डॉक्टर ते करणार कशाच्या भरवशावर, तर याच नळीच्या. तुमचा थिसिस कुणी वाचला तर ते पाचजण आधी बघेल.

वारणाकाठ | मंगळवार, रात्री ९:३०

डॉक्टरताई, मी शेतकरी माणूस, मला आयएनआर कळत न्हाई. पण ती नळी मी बघितलीय.

२०१९ च्या पुरात पाणी उतरल्यावर गोठा साफ करताना भावाला घोणस चावली. पुराच्या पाण्याबरोबर काय काय वाहून आलं हुतं, विचारू नका. आधी गावातल्या एकाकडं नेलं, त्यानं अंगारा लावला, त्यात तासभर गेला. मग दवाखाना. तिथं एका पोरगेल्या डॉक्टरनं नळीत रक्त घेऊन खिडकीत ठेवली आन म्हणाला हात लावू नका. मी म्हणलं बरं. मी त्या नळीकडं बघत बसलो, दुसरं काय करणार. तर पाच मिनिटात सिस्टर आली, नळी उचलून हलवून बघितली. मग तोच डॉक्टर आला, त्यानंबी हलवली. मग आमचा चुलता. २० मिनिटं काय ती नळी निवांत ऱ्हायली न्हाई. तुमच्या सात जणांच्यातबी असं झालं नसंल कशावरनं?

दुसरं म्हणजे सही. त्या रात्री मी चार कागदावर सह्या केल्या. बोट दाखवलं तिथं केली. त्यातला एक कागद अभ्यासाचा हुता हे मला सहा म्हैन्यानी कळलं, फोन आला तवा. भाऊ वाचला, माझी तक्रार न्हाई. पण इचारायचं हुतं, तुमच्या त्या बाईला ठाऊक हाय का ती कुणाच्या अभ्यासात हाय? आन तिला लस नको हुती हे तिला कुणी सांगितलं का?

काचनळी | बुधवार, रात्री २:१०

सगळं वाचलं. पाच वेळा वाचलं. इमर्जन्सी आज शांत आहे म्हणून लिहितेय.

काका, गेले होते बेसिनकडे. वॉर्डच्या मागच्या बाजूला मावशी काचनळ्या कपडे धुवायच्या पावडरीत भिजवतात, बाटलीच्या ब्रशनं घासतात, तीनदा विसळतात आणि खिडकीच्या कट्ट्यावर फडक्यावर उपड्या घालतात. इतक्या लखलखीत की कुणालाही वाटेल नव्या आहेत. मी विचारलं, मावशी, हे कधीपासून? त्या म्हणाल्या, "तुमीच की मॅडम. जुलैत म्हणला नव्हता का, नळ्या संपल्यात, बघा जरा काईतरी."

म्हणाले होते. आठवलं मला. स्टोअरमध्ये काचनळ्या संपल्या होत्या, इंडेंट अडकला होता, दारात पेशंट होता. मी जाता जाता म्हटलं आणि विसरले. त्या माउलीनं "काहीतरी" बघितलं आणि दोन महिने इमानेइतबारे बघत राहिली.

रात्री बायोकेमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकल हॉलमधून सीलबंद काचनळ्यांचा एक खोका मागून आणला. माझंच रक्त काढलं. नवीन नळीत २० मिनिटांनी घट्ट गुठळी, उपडी केली तरी हलली नाही. मावशींच्या चार नळ्यांपैकी दोन सरळ ओघळल्या. एकीत अर्धवट थुलथुलीत काहीतरी, एक चक्क नीट गोठली. म्हणजे धुतलेली नळी दर वेळी खोटं बोलते असंही नाही. तेच जास्त भयंकर वाटलं मला, चारही ओघळल्या असत्या तर जुलैतच कुणाच्यातरी लक्षात आलं असतं. माझ्या इंटर्ननंही हौसेनं हात पुढे केला, त्याच्या रक्ताचंही जवळपास तसंच.

आता सातजण. पाच जण धुतलेल्या नळ्यांच्या काळातले, हळदीच्या रानातली बाई त्यातलीच. सहाव्याचं काकांनी ओळखलं तसंच निघालं: नळी लशीआधीची, निळा बल्ब त्या वेळी वॉर्डात नव्हता म्हणून आयएनआरचं रक्त ७ तासांनी घेतलेलं, तोवर लस लागू पडलेली. सातव्याचं कळत नाही. नळी नवी, टोचणी एक. प्रोफॉर्मात (केसची माहिती भरायच्या फॉर्मात) नळी ठेवल्याची वेळ आहे, बघितल्याची वेळच नाही. वारणाकाठच्या दादांनी सांगितलं तसं कुणी उचलून बघितली असेल तर मला कळायला मार्ग नाही. माझ्या प्रोफॉर्मात तो रकानाच नव्हता. कोडं तसंच राहील.

आकडेमोड सर, धुतलेल्या काळात एकूण १८ केसेस आहेत. पाच गेल्या तर तेराही जातील, समजलं. लिहिताना हात जड झाला.

आणि ते पाच. खरंय, मी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं, कारण ते सगळ्यांच्याच पेपरात असतात. तिघांची सहा तासांनंतरची दुसरी नळी पातळ निघाली आणि लस मिळाली. एकाच्या पुढे लॅबच्या रजिस्टरला खरोखर शेरा आहे, "निळा बल्ब, रक्त कमी". पाचवा नळी गोठल्याचं ऐकून डामावर (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी जातोय या कागदावर) सही करून घरी गेला होता, आयएनआर १.६ आला तेव्हा खाट रिकामी होती. आज फोन केला. उचलेपर्यंत माझं काय झालं ते मला माहीत. बरा आहे. पाण्याची पाळी चालू होती, म्हणाला नंतर करा.

नवीन नळ्यांचा खोका ड्रेसिंग ट्रॉलीत ठेवलाय. मावशींच्या नळ्या पोत्यात बांधून माझ्या खोलीत आणल्यात. फेकून दिल्या तर पुरावा गेला असं वाटलं. बरोबर केलं का?

माजी_मास्तर_सातारा | बुधवार, सकाळी ७:५०

मी डॉक्टर नव्हे. निवृत्त शिक्षक. एका एथिक्स कमिटीवर सामान्य माणसाच्या खुर्चीत बसतो. ती खुर्ची नियमानं ठेवावीच लागते आणि बहुतेक वेळा तिथं बसणाऱ्याला चहा आधी मिळतो, बोलायला शेवटी.

पोतं ठेवलंस ते चांगलं. त्यावर तारीख टाक. आता कमिटीला डेव्हिएशनचा, म्हणजे ठरलेली पद्धत कुठं मोडली त्याचा, अहवाल लिही. त्यात नळ्या, मावशींना तू जुलैत सांगितलेलं वाक्य, १८ केसेस, सगळं. कमिटी फाशी देत नाही. लपवलेलं नंतर सापडलं तर मात्र आम्हीसुद्धा माणसंच आहोत. बाईला लशीची जी रिॲक्शन आली तिचा एडीआर (औषधाच्या दुष्परिणामाचा) फॉर्म भरला होतास का? नसशील तर आज भर. आणि वॉर्डच्या प्रमुखांना आजच्या आज लेखी कळव. तुझा थिसिस तुझ्यापुरता, नळ्या मात्र इतर जेआरही वापरत असतील.

इंटर्नबद्दल. तुझं रक्त तुझं. त्या पोराचं रक्त काढायला तुला कुणी सांगितलं? तू त्याच्या लॉगबुकवर सही करतेस. तो नाही कसा म्हणेल? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या तत्त्वांत विद्यार्थी आणि हाताखालची माणसं यांची वेगळी काळजी घ्यायला सांगितलंय ते याचसाठी. त्याचा आकडा खोडून टाक.

वारणाकाठच्या भाऊंनी सहीचं विचारलं त्यावर तू काहीच लिहिलं नाहीस. रात्री दोन वाजता नातेवाइकाची सही घेतलीस, तेव्हा इलाज नव्हता, मान्य. पण पेशंट शुद्धीवर आल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, परत जाऊन त्यालाच विचारायला हवं होतं. ६२ पैकी किती जणांना विचारलंस?

काचनळी | शुक्रवार, रात्री ११:२०

मास्तर, ६२ पैकी १९. बाकीच्यांना फोन सुरू केलेत. इंटर्नचा आकडा खोडला आणि त्याला का खोडला तेही सांगितलं. तो म्हणाला, मला चाललं असतं. तेच ना.

सरांना सगळं दाखवलं. दोन टेबलं, पोतं, डेव्हिएशनचा मसुदा. सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "माझ्या युनिटच्या सगळ्या सर्पदंशाच्या केसेस याच नळ्यांवर चालल्या ना." मी हो म्हटलं. त्यांनी मसुद्यावर सही केली आणि स्टोअरला स्वतः फोन लावला. फोनवर जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. सबमिशन पुढे जाईल की नाही ते अजून ठरलेलं नाही.

मावशींशी बोलायला गेले तर त्या रडायला लागल्या. त्यांच्यामुळे कुणी दगावलं असं त्यांच्या कानावर गेलं होतं. वॉर्डात बातमी कशी फुगते माहीतच आहे. शेजारी बसून सांगितलं की सांगणारी मी होते, आणि अहवालात तसंच लिहिलंय. त्यांनी विचारलं, मग ब्रश ठेवू का टाकू?

आज ऑफ होता म्हणून पलूसकडे त्या बाईंच्या घरी गेले. सोबत एमएसडब्ल्यू मॅडम (दवाखान्यातल्या समाजसेविका) होत्या. सोप्यात बसून सगळं सांगितलं: नळी धुतलेली होती, त्यामुळे रक्त पातळ दिसलं, त्यामुळे लस दिली, ती बहुतेक नकोच होती, त्या लशीनंच तुम्हाला तो त्रास झाला. थिसिसचंही सांगितलं, तुमचं नाव त्यात नाही, पण तुमची माहिती नको असेल तर काढते. नवरा गप्प होता. सासरा म्हणाला, जीव वाचला ना, झालं. मी म्हटलं, तसं नाही आबा, जिवाला धोका आमच्याच लशीनं झाला होता.

बाई हळदीचे हात पदराला पुसत ऐकत होत्या. म्हणाल्या, "माहिती ऱ्हाऊ द्या. पण मग मला चावलं काय हुतं?"

म्हटलं, नक्की नाही सांगता येणार, पण बहुतेक दिवड. बिनविषारी.

त्या नवऱ्याकडे वळल्या. "मी त्या रात्री काय सांगत हुते? पाटाच्या कडंला दिवडच असतंय. दोरी आवळायच्या आधी कुणी इचारलं का मला?"